आवरणावरील नाव

भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीतील उद्देशिकेचे पान बहुतेक वाचकांनी कधी ना कधी पाहिले असेल. सुंदर हस्ताक्षरातील मजकूर आणि त्याभोवती नाजूक नक्षीची चौकट, असे त्या पानाचे रूप आहे. मजकूर वाचला जातो, नक्षीचे कौतुक होते आणि पान उलटले जाते. त्या चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात मात्र दोन लहानशी देवनागरी अक्षरे आहेत, तिकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ती अक्षरे आहेत 'राम'.

ही सही ब्योहार राममनोहर सिन्हा यांची. जबलपूरच्या घराण्यात १९२९ साली जन्मलेले सिन्हा तेव्हा शांतिनिकेतनात आचार्य नंदलाल बोस यांच्या हाताखाली घडत होते. संविधानाच्या सजावटीचे काम बोस यांच्याकडे आले आणि उद्देशिकेचे पान त्यांनी विशीतल्या या शिष्याकडे सोपविले. शिष्याचे काम गुरूंनी कोणताही फेरफार न करता मान्य केले आणि त्यावर शिष्याचीच सही राहू दिली. संविधानाचा मजकूर हाताने लिहिणाऱ्या प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्याविषयीही असे सांगितले जाते, की त्यांनी मानधन नाकारले. पानोपानी आपले नाव असावे, एवढीच त्यांची मागणी होती.

ज्याने काम केले त्याचे नाव कामावर असावे, ही अपेक्षा साधी आहे. बँकेच्या व्यवहारात तर सहीवाचून पान हलत नाही. कलेच्या व्यवहारात मात्र या साध्या गोष्टीसाठी फार झगडावे लागले आहे. गाण्याच्या क्षेत्रात तो झगडा आजही संपलेला नाही, आणि तो समजून घेण्याचा एक उत्तम मार्ग आहे एका विद्यार्थ्याच्या स्वाध्यायातून जाणारा.

पाटनचे गाणे

सिन्हा यांच्याच जबलपूर जिल्ह्यात, शहरापासून पश्चिम-वायव्येला सुमारे तासाभराच्या अंतरावर पाटन हे तहसिलीचे गाव आहे. मराठी वाचकाला पाटण म्हटले, की सातारा जिल्हा आठवतो. हे पाटन नर्मदेच्या खोऱ्यातले. नर्मदेला मिळणारी हिरन नदी या परिसरातून वाहते आणि हिवाळ्यात येथील शेते हिरव्या वाटाण्याने भरून जातात. या भागाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे होता आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत जबलपूर आणि विदर्भ यांची राजधानी एकच, नागपूर, होती.

पाटनच्या आसपास बुंदेली बोली ऐकू येते. होळीला फाग, लग्नघरी गारी, बाळ जन्मले की सोहर, आणि नर्मदेच्या यात्रेला पायी निघालेल्यांच्या तोंडी बंबुलिया. बंबुलियाचा सूर लांब, मोकळा आणि चालत्या पावलांचा असतो. एका गटाने ओळ उचलावी, दुसऱ्याने ती पुढे न्यावी आणि वाट सरत जावी. या गीतांचे कवी कोणास ठाऊक नाहीत. गाणारे मात्र ठाऊक असतात. गावातील एखाद्या वृद्धेचा गळा पंचक्रोशीत प्रसिद्ध असतो, आणि तिच्यामागे ते गाणे तसे गाणारे कोणी उरत नाही.

आता अशी कल्पना करावी, की पाटनच्या एका विद्यार्थ्याला पुढील स्वाध्याय मिळाला आहे: एक गाणे निवडा, त्याची चित्रफीत तयार करा आणि त्या गीतसंग्रहाचे आवरणही स्वतःच आखा. ब्रिटनमधील शाळांच्या माध्यम-अभ्यासात हा स्वाध्याय बराच काळ रूढ होता. पुण्याच्या चित्रपट संस्थेतही गीताचे चित्रीकरण हा विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा भाग राहिला आहे. पाटनच्या विद्यार्थ्याने चित्रपटातील गाणे बाजूस ठेवून आपल्याच गावातील वृद्धेचे बंबुलिया निवडले, तर त्याला काय काय शिकावे लागेल?

आधी कान, मग कॅमेरा

पहिला धडा ऐकण्याचा. मध्य प्रदेशाच्या दुसऱ्या टोकाला, देवासला, एका थोर गायकाने तो गिरविला होता. कुमार गंधर्व क्षयरोगाच्या आजारपणात १९४८ साली देवासला येऊन राहिले. गाण्याची मनाई असलेल्या त्या काळात माळव्यातील बायकांची लोकगीते त्यांच्या कानांवर पडत राहिली. पुढे त्या धुनांतून त्यांना नव्या रागरचना सुचल्या आणि 'मालवा की लोकधुनें' हा कार्यक्रम उभा राहिला. लोकगीताला हात लावण्यापूर्वी ते दीर्घकाळ ऐकावे लागते, हे त्यांच्या उदाहरणावरून कळते.

दुसरा धडा ध्वनिमुद्रणाचा. चित्रपटातील गाणे आधी मुद्रित होते आणि चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवून नट ओठ हलवितात. भारतीय चित्रपटात ही पार्श्वगायनाची पद्धत १९३५ सालच्या 'धूप छाँव'पासून रुळली. गावातील वृद्धेच्या बाबतीत ही पद्धत कामाची नाही. ती एकच गाणे दोनदा सारखे गात नाही. कडवे वाढते, श्वास वेगळ्या जागी पडतो, मधेच नात आली तर तिच्याशी ती दोन शब्द बोलूनही घेते. तिला स्वतःच्याच मुद्रित आवाजाबरहुकूम ओठ हलवायला सांगणे म्हणजे तिच्या गाण्याचा प्राण काढून घेणे होय. यास्तव शहाणा विद्यार्थी ती गात असतानाच आवाज आणि चित्र एकाच वेळी टिपतो. आवाजासाठी वेगळा मायक्रोफोन तिच्याजवळ ठेवतो, पंखा बंद करतो आणि आरंभी एकदा टाळी वाजवितो. त्या टाळीच्या खुणेवर चित्र व ध्वनी नंतर नेमके जुळविता येतात. मोबाइलवर चित्रण करताना चित्रचौकटींचा वेग काही वेळा कमी-अधिक होत राहतो आणि लांबलचक दृश्यात ओठ व आवाज यांची फारकत होऊ लागते. म्हणून तो वेग आधी पक्का करून घ्यावा लागतो.

तिसरा धडा हिशेबाचा. दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ चित्रचौकटी धरल्या, तर चार मिनिटांच्या गाण्यात त्या ६,००० होतात. प्रत्येक दृश्य सरासरी चार सेकंदांचे असेल, तर ६० दृश्ये लागतात. ती कोणती, हे कॅमेरा हाती घेण्यापूर्वी कागदावर चौकटी आखून ठरवावे लागते. गाणाऱ्या वृद्धेचा चेहरा, ढोलकीवर पडणारा हात, हिरनचा काठ, वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या बायका, नर्मदेकडे जाणारी पायवाट. गाणे चालत्या पावलांचे आहे, तर चित्रही चालते हवे. कागदावरचा तासभराचा विचार पुढचा दिवसभराचा खर्च वाचवितो, ही गोष्ट कोणत्याही लहान उद्योजकाला पटेल.

नाव सांगण्यासाठी केलेला झगडा

चित्रफीत तयार झाली, की विद्यार्थी आवरणाकडे वळतो, आणि तेथे त्याला एक प्रश्न अडवितो: या गाण्यावर नाव कोणाचे घालायचे? हा प्रश्न ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे.

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तबकड्यांच्या शेवटी गौहर जान स्वतःचे नाव इंग्रजीतून मोठ्याने उच्चारताना ऐकू येतात. यामागे एक व्यावहारिक कारण होते. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांना भारतीय भाषा कळत नसत. कोणत्या तबकडीवर कोणाच्या नावाचा कागद चिकटवायचा, हे त्यांना आवाजातूनच समजावे लागे. गायिकेने आपले नाव आपणच सांगितले म्हणून ते आज आपल्याला ठाऊक आहे. तिच्यामागे सारंगी व तबला वाजविणाऱ्यांना ती संधी मिळाली नाही.

दुसरा प्रसंग १९४९ सालचा. 'महल' चित्रपटातील 'आयेगा आनेवाला' हे गीत देशभर गाजले; पण तबकडीवर गायिका म्हणून छापले होते 'कामिनी'. कामिनी हे चित्रपटातील नायिकेचे पात्र. खरी गायिका होती विशीच्या आतली एक मराठी मुलगी, लता मंगेशकर. हा आवाज कोणाचा, अशी विचारणा करणाऱ्या श्रोत्यांच्या पत्रांचा आकाशवाणीकडे ओघ लागला, तेव्हा कुठे ते नाव हवेतून श्रोत्यांपर्यंत गेले. पुढे पार्श्वगायकांची नावे तबकड्यांवर छापण्याची रीत रूढ झाली. ज्या नावाची ओळख नंतर कोणाला करून द्यावी लागली नाही, तेही एके काळी तबकडीवर नव्हते.

तिसरा प्रसंग अधिक जवळचा. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' प्रथम प्रसारित झाले. आज ज्याला संगीत चित्रफीत म्हणतात, तिचे भारतातील सर्वाधिक पाहिले गेलेले उदाहरण बहुधा हेच असावे. पंडित भीमसेन जोशी यांचा भैरवीतील आरंभ ज्यांनी ऐकला, त्यांच्या तो आयुष्यभर स्मरणात राहिला. पडद्यावरील चेहरे सर्वांना ओळखू आले. पण त्या गीताला चाल लावणारे संगीतकार अशोक पत्की, वाद्यमेळाची रचना करणारे लुई बँक्स, शब्द लिहिणारे पियूष पांडे आणि दिग्दर्शक कैलाश सुरेंद्रनाथ ही नावे गाण्याबरोबर घरोघर पोचली नाहीत. त्याचे एक कारण सरळ आहे. हे गीत घरात आले ते पडद्यावरून, कोणत्याही आवरणाशिवाय. हातात धरून मागची बाजू वाचावी, अशी वस्तूच नव्हती.

आवरणाची कहाणी

ही वस्तू जन्माला कशी आली, हेही विद्यार्थ्याने जाणून घ्यावे असे आहे. आरंभी तबकड्या साध्या खाकी किंवा करड्या कागदात गुंडाळून विकल्या जात. न्यूयॉर्कच्या पार्सन्स कलाशाळेतून बाहेर पडलेला ॲलेक्स स्टाइनवाइस हा तरुण १९३९ साली कोलंबिया कंपनीत रुजू झाला. गाण्याच्या संचावर त्या गाण्याला साजेसे चित्र असावे, ही त्याची सूचना. १९४० साली त्याचे पहिले सचित्र आवरण बाजारात आले, तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता. १९४८ साली लाँगप्ले तबकडी आली आणि तिच्यासाठी पुठ्ठ्याचे पाकीटही त्यानेच घडविले. कलाशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका मुलाच्या सूचनेने जगभरच्या दुकानांचे रूप पालटले.

बारा इंची तबकडीच्या पाकिटाला मागे भरपूर जागा होती. तेथे कवी, संगीतकार, साथीदार यांची नावे आणि गाण्याविषयी चार ओळी छापल्या जात. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली आणि ही जागा तळहाताएवढी झाली. तरीही घडीच्या चिठोऱ्यावर बारीक टंकात सारी नावे बसविली जात. मराठी घरांतील कपाटात आजही भावगीतांच्या अशा कॅसेटी सापडतील. चिठोरा उघडून गाण्याचे शब्द पाहत गुणगुणणे, ही एका पिढीची संगीतशाळाच होती. १९८२ साली आलेल्या सीडीच्या पुस्तिकेचे पान १२० मिलिमीटर लांब व तितकेच रुंद असते. पुठ्ठ्याच्या घडीचे जे आवरण या व्यवसायात डिजिपॅक म्हणून ओळखले जाते, त्याचा नमुना विद्यार्थ्यांना करायला देतात, कारण त्यात पुढची बाजू, मागची बाजू, कणा आणि आतील पाने या सर्वांचा एकत्र विचार करावा लागतो. कापताना चूक होऊ नये म्हणून चित्र चारी बाजूंनी तीन मिलिमीटर बाहेर काढणे, पडद्यावरचा रंग आणि छापील रंग यांतील फरक ओळखणे, कण्यावरचे नाव अरुंद जागेतही वाचता येईल असे बेतणे, हे सारे त्यात आले.

अक्षरांचा विचार तर स्वतंत्रच करावा लागतो. मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी घडविलेली शीर्षके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अक्षराच्या वळणातूनही नाटकाचा स्वभाव कसा प्रकटतो हे सांगावे लागणार नाही. बंबुलियाच्या आवरणावर संगणकातील पहिला सापडलेला टंक डकवायचा, की लांब सुरासारखी शिरोरेषा ओढून अक्षर हातानेच रेखायचे, हा निर्णय विद्यार्थ्याच्या कानाची परीक्षा पाहतो.

कायद्याची बाजू

नावाचा प्रश्न केवळ सौजन्याचा राहिलेला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२अ नुसार प्रसिद्ध केलेल्या ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या आवरणावर मुद्रण करणाऱ्याचे नाव व पत्ता, संबंधित कृतीच्या हक्कधारकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष देणे बंधनकारक आहे.

लोकगीताला ज्ञात कवी नसल्याने 'हे कोणाचेच नाही' असे समजून पुढे जाण्याचा मोह होतो. पण गीत परंपरेचे असले, तरी ते गाणारी व्यक्ती कायद्याला दिसते. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा त्याच्या प्रयोगावरील हक्क मान्य झाला. आज त्याची मुदत ५० वर्षांची आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात आणखी भर पडली. आपल्या गायनाचा कर्ता म्हणून आपली ओळख दिली जावी, असा नैतिक हक्क आता कलावंताला आहे. व्यापारी वापर झाल्यास मोबदल्याचा वाटाही त्याला मिळू शकतो. पाटनची ती वृद्धा शाळेत गेलेली नसेल. तरी तिचा हा हक्क कोणत्याही प्रसिद्ध गायिकेच्या हक्काइतकाच पूर्ण आहे.

म्हणून चित्रीकरणापूर्वी एक साधे संमतिपत्र तयार करावे. गाणे कोठे दाखविले जाईल, पैसे मिळाल्यास कोणाला किती, नाव कसे छापायचे, हे तिच्या बोलीत तिला वाचून दाखवावे आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा. वर्गातील अभ्यासापुरत्या वापराला कायद्यात काही सवलती आहेत. तेच काम जाहीरपणे प्रसारित केले, की नियम बदलतात. चित्रपटातील तयार गाणे घेणाऱ्या विद्यार्थ्याने तर हे विशेष ध्यानी ठेवावे, कारण तेथे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींचे हक्क वेगवेगळ्या हाती असू शकतात.

नखाएवढे आवरण

आज बहुतेक गाणी मोबाइलवर ऐकली जातात. आवरण उरले आहे, पण त्याची मागची बाजू नाहीशी झाली आहे. विद्यार्थी ३,००० पिक्सेल लांबी-रुंदीचे चौकोनी चित्र तयार करतो आणि ऐकणाऱ्याला ते नखाएवढे दिसते. ढोलकीवाल्याचे नाव त्यावर मावणार कोठे?

त्याची सोय आता एका तक्त्यात आहे. गाणे प्रसारणासाठी देताना गायक, कवी, संगीतकार, वादक यांच्या नावांचे रकाने भरावे लागतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांकही मिळतो. बँकेतील खातेक्रमांकासारखा तो एकमेव असतो आणि गाणे जेथे जाईल तेथे त्याच्याबरोबर जातो. घाईत असलेला माणूस शीर्षक आणि मुख्य गायक भरतो व बाकीचे रकाने रिकामे सोडतो. कवीच्या जागी 'पारंपरिक' लिहिणे योग्यच आहे. वादकाची जागा कोरी सोडण्याला मात्र कोणतेही कारण नाही. अपुऱ्या नोंदीमुळे खातेदाराचा पैसा अडून राहतो, हे बँकेतील प्रत्येक कर्मचारी जाणतो. रिकाम्या रकान्यामुळे कलावंताचे श्रेय आणि मोबदलाही तसाच अडून राहतो.

हे रकाने भरताना विद्यार्थ्याला पुन्हा गावात जावे लागेल. ढोलकी वाजविणाऱ्याचे पूर्ण नाव काय? मागे साथ देणाऱ्या दोघी कोण? ज्या वृद्धेला सारा गाव केवळ 'अम्मा' म्हणतो, तिचे स्वतःचे नाव काय? कदाचित ते विचारणारा तो कित्येक वर्षांतला पहिलाच माणूस असेल. स्वाध्यायाचे गुण चित्रीकरणाला आणि रंगसंगतीला मिळतील. पण त्यातील सर्वांत मोलाचे काम या दारोदारच्या विचारपुशीतच झालेले असेल.

नमुन्यादाखल पुठ्ठ्याचे चार-पाच संच त्याने घरीच कापून, चिकटवून केले, तर त्यांतील पहिला गाणाऱ्या अम्माच्या घरी पोचवावा. पुढे नदीकाठाचे चित्र असेल, मागे लहान अक्षरांत पाच-सहा नावे असतील. तिला ती वाचता आली नाहीत, तर घरातील शाळकरी नातवंडे मोठ्याने वाचून दाखवतील.

जबलपूरच्या एका विद्यार्थ्याचे दोन अक्षरी नाव संविधानाच्या पानावर आजही उभे आहे. त्याला फार जागा लागली नाही. ते लिहू देणारा गुरू तेवढा लागला. पाटनच्या विद्यार्थ्याच्या हाती आवरणाचा कोरा कागद येतो, तेव्हा काही वेळापुरता तो इतरांसाठी त्या गुरूच्या जागी असतो.